मुलांच्या पानावरचं आग्या मोहोळ

मुलांच्या पानावर वाघाला बंदी होती. पेंग्विन, ध्रुवीय अस्वल आणि ओझोनचा थर यांनाही होती; पण भांडण झालं ते वाघावरून.

औरंगाबादेतून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचं हे रविवारचं पान. ते माझ्याकडे बरीच वर्षं होतं. त्याआधी जिल्ह्याची पानं, न्यायालय आणि मोंढ्याचे बाजारभाव करून झाले होते. मुलांचं पान ही बढती की शिक्षा, हे देणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही.

शाळांमध्ये पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, त्या सुमारास पानाकडे येणारी पत्रं वाढली आणि एकसारखी झाली. बेगमपुऱ्यातला सहावीचा मुलगा वाघ वाचवा म्हणत होता, बिडकीनची मुलगी वाघ वाचवा म्हणत होती, आणि पैठणच्या एका अख्ख्या वर्गाचं त्याबाबत एकमत होतं. यांच्यापैकी वाघ कोणीही पाहिलेला नव्हता. आमच्या धंद्यात याला ऐकीव म्हणतात. ऐकीव छापत नाहीत. निदान छापू नये, असं नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात.

म्हणून पानावर 'आम्ही पाहिलं' ही चौकट सुरू केली. बातमीला लागतं तेच तिला लागत होतं: काय पाहिलं, कुठे, केव्हा, आणि सोबत दुसरं कोण होतं. शेवटी उपदेश नको. 'निसर्ग आपला मित्र आहे' हे वाक्य पहिल्याच महिन्यात इतक्या वेळा कापावं लागलं, की पुढे ते डोळ्यांना दिसेनासं झालं.

पहिली हरकत घेऊन सातवीतला एक मुलगा थेट कार्यालयात आला. सोबत वडील होते आणि त्यांचा चेहरा ओढून आणलेल्या माणसाचा होता.

"सर, वाघ का चालत नाही?"

"तू पाहिलास का?"

"पाहिला की. प्राणिसंग्रहालयात. पप्पा पण होते."

वडिलांनी मान हलवली. दुसरा साक्षीदार मिळाला. मुलानं तिथेच बसून बातमी लिहिली: 'वाघ झोपला होता. आम्ही थांबलो. त्याची शेपटी हलली. तो पुन्हा झोपला. शेजारचे एक काका म्हणाले, आमचा मेहुणा असाच हाय.' ती जशीच्या तशी छापली. वाघावर त्या वर्षी आलेल्या मजकुरातला तो सगळ्यात खरा मजकूर होता.

शिक्षकांना ही चौकट लवकर पटली नाही. एका शाळेनं एकाच पाकिटातून सगळ्या वर्गाची पत्रं पाठवली. प्रत्येकानं तेच फुलपाखरू, त्याच जास्वंदीवर, त्याच वेळी पाहिलं होतं. फळ्यावरून उतरवलेलं उघड होतं. आम्ही कळवलं, की इतकी मुलं भोवती असताना बसून राहिलेल्या फुलपाखराचं अभिनंदन; आता ज्याचं त्यानं वेगळं पाहावं. पुढच्या खेपेला पत्रं थोडी आली. त्यांतलं एक वेरूळच्या सहलीचं होतं. त्या मुलीनं कैलास लेण्यातल्या दगडी भेगांत पोपट जाताना पाहिले होते. 'गाईड काका राजाबद्दल सांगत होते ते मला आठवत नाही,' असंही तिनं प्रामाणिकपणे कळवलं होतं.

तक्रारी मोठ्या माणसांच्या असायच्या. शहागंजातले करीमभाई त्यातले. त्यांचं पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्यांची मुलगी नाझनीन उर्दू शाळेत सहावीत होती आणि शाळेत शिकलेल्या मराठीत तिनं लिहिलं होतं: 'आमच्या घरातल्या पंख्याच्या वाटीत चिमणीचं घर आहे. अंडी आहेत. अम्मीनं बटणावर कागद चिकटवला. आम्ही सगळे घामात आहोत.' ते छापून आलं आणि करीमभाई पेपर घेऊन दारात उभे राहिले.

"साब, ये क्या छाप दिया आपने?"

"चूक आहे का काही?"

"चूक नाय ओ, सच है. पर अब पूरा मोहल्ला चिडिया देखने आ रहा. चाय पिला पिला के थक गया मैं. और दुकान पे जो गिऱ्हाईक आता, बोलता, करीमभाई, पहिले खुदका पंखा तो चालू करो!"

"मग करता का चालू?"

"कैसा करूं? बच्चे निकले उसके."

ते चहा पिऊन गेले. पिल्लं उडाल्याची बातमी नाझनीननं वेळेवर दिली. ती छापून आल्यानंतर करीमभाईंनी पेढे पाठवले. पेढे पिल्लांचे की पंख्याचे, हे निरोप्याला माहीत नव्हतं.

आता पानाच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यातून झाली. बातमी लिहिताना महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली ठेवायचं, हा वर्तमानपत्राचा शिरस्ता आहे. त्यामागे तत्त्वज्ञान नाही, जाहिरात आहे. पान लागत आलेलं असतं आणि जाहिरात विभागातून कोणीतरी बिस्किटाची जाहिरात घेऊन येतं. मग पान लावणारा ब्लेड घेतो आणि बातमी खालून कापतो. त्याला मजकूर वाचावा लागत नाही. वाचायला वेळही नसतो. खाली किरकोळच असणार, या भरवशावर सगळा धंदा चालतो.

मुलं मात्र बातमी अशी लिहीत नाहीत. मूल गोष्ट सांगितल्यासारखं सांगतं आणि मुख्य ते शेवटी सांगतं.

फर्दापूरच्या अलीकडे, अजिंठ्याच्या डोंगराला लागून एक गाव आहे. तिथल्या हायस्कुलातली नववीतली ज्योती ही पानाची नेहमीची बातमीदार. तिचे वडील लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना रंगीत दगड विकत. संक्रांतीनंतर तिची बातमी आली: 'आमच्या शाळेच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ आहे. चार पोळी आहेत. सगळ्यात मोठं परातीपेक्षा मोठं आहे. जवळून कावळा गेला की सगळ्या माश्या एकदम अंग हलवतात. पोळ्यावरून लाट गेल्यासारखं दिसतं. लाट गेली की कावळा दुसरीकडून जातो.'

बातमी चांगली होती. तिला पानाच्या डोक्यावर जागा दिली. मथळा साधा: 'शाळेवर आग्या मोहोळ'. बिस्किटाची जाहिरात नेहमीप्रमाणे उशिरा आली.

मुलांचं पान अधिकारी वाचत नाहीत, असा सगळ्या वर्तमानपत्रांचा समज असतो. तो बरोबरही आहे. परंतु दहावीच्या परीक्षेचं काम पाहणाऱ्या एका अधिकाऱ्यांच्या घरी पाचवीतला मुलगा होता आणि रविवारी सकाळी तो हे पान मोठ्यानं वाचत असे. साहेब दाढी करत होते. शाळेचं नाव त्यांना ओळखीचं वाटलं. त्या शाळेला त्याच वर्षी पहिल्यांदा दहावीचं परीक्षा केंद्र मिळालं होतं. आग्या मोहोळ असलेल्या इमारतीत परीक्षा घेता येणार नाही, हे ठरवायला त्यांना तोंड धुवायचीही गरज पडली नसावी. निर्णय चुकीचा म्हणता येत नव्हता. पोरांना माश्या डसल्या असत्या, तर पहिल्या पानावर आम्हीच त्यांचं नाव छापलं असतं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक पाठक सर कार्यालयात आले. गावाहून एसटीनं, धूळ अंगावर घेऊन. पेपरची घडी त्यांनी टेबलावर ठेवली.

"ही बातमी तुमची?"

"तुमच्या शाळेची आहे."

"शाळा आमची, बातमी तुमची. माश्या कुणाच्या ते सांगा. केंद्र रद्द व्हायला लागलंय माझं."

"बातमी खोटी आहे का?"

"खरी आहे हो! खोटी असती तर काय पाहिजे होतं? खुलासा घेऊन आलो असतो."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"तरी खुलासा छापा."

खोट्या बातमीचा खुलासा असतो, चुकलेल्या बातमीची दुरुस्ती असते. खऱ्या बातमीला वर्तमानपत्रात काहीच औषध नाही. हे सरांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि दुसरा मार्ग काढला.

"मग असं छापा, की माश्या उठून गेल्या."

"उठल्या का?"

"उठवतो ना! धूर करणारा माणूस बघून ठेवलाय. तुम्ही छापा, मी उठवतो."

"आधी उठवा, मग छापतो."

"आधी छापा. केंद्रांची यादी पक्की व्हायला आली."

बातमी आधी आणि घटना नंतर ही पद्धत राजकारणाच्या पानावर चालत होती. मुलांच्या पानावर ती आणायची तयारी नव्हती. चहा आला. अर्धा चहा झाल्यावर सर मूळ मुद्द्यावर आले.

"मुलांचं काही नाही. ती तालुक्याला जातील, पाहुण्याकडे राहतील, कुठंही झोपतील. मुली नाही जाणार. घरोघर फिरून दहावीपर्यंत आणल्यात हो मी त्यांना. केंद्र गावात आलंय, परीक्षा आपल्याच शाळेत आहे, असं सांगून सांगून. आता काय सांगू?" मग म्हणाले, "तुमच्या त्या ज्योतीची सख्खी बहीण आहे त्यात. रेणुका. वर्गात पहिली-दुसरी असते. बापानं सांगितलंय, केंद्र गावात तर परीक्षा. नाही तर राहिलं."

त्यानंतर टेबलावरून ठरवण्यासारखं काही उरलं नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी फर्दापूरची एसटी धरली.

शाळा दुमजली. पुढे मैदान आणि फाटक, मागे उतार आणि खाली ओढा. मोहोळ मागच्या बाजूला वरच्या छज्ज्याखाली लोंबत होतं. लांबून ओल्या गोणपाटासारखं दिसायचं. जवळ गेल्यावर गोणपाट जिवंत असल्याचं कळायचं. ज्योती पुढे होती. बारीक चणीची, घाईनं बोलणारी. मागून तिचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि थोडं अंतर ठेवून रेणुका. दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या; जे बोलायचं ते पाहुण्याला सांगत होत्या.

"हितून बघा सर," ज्योती म्हणाली. "हात नका वर करू."

"सर, हिचं नाव पेपरात आलं ना," रेणुका म्हणाली, "तवा गावभर मिरवली ही. चार दिवसांत माझं केंद्र गेलं. आता मिरव म्हणावं."

"मी घालवलं व्हय केंद्र? मी पाहिलं ते लिवलं."

"लिवायला दुसरं काय दिसलं नाय? वानरं हायेत, बकऱ्या हायेत. वानरावर लिवायचं."

"वानरावर कुणीबी लिवतंय."

"भांडू नका गं पाव्हण्यापुढं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सायेब, पोरगी शिकावी असं मलाबी लई वाटतंय. पण तालुक्याला आमचं कुणी नाय. पंधरा दिस पोर कुणाच्या वट्यावर ठिवू? तुमी ठिवाल?"

पाठक सरांनी धूर करणाऱ्या माणसाचा विषय पुन्हा काढला. ज्योतीनं तो तिथेच मोडला. "सर, धूर केला की पोळं जातंय, माश्या नाय जात. तिथंच घुटमळत्यात आन् दिसंल त्याला डसत्यात. वरच्या वाडीत नाय का झालं? पंगत टाकून पळाले लोक."

सरांना पंगत आठवली असावी. ते स्वतःच त्या पंगतीत होते, असं नंतर कळलं.

मी म्हणालो, "अधिकाऱ्यांची अडचण अशी आहे, की माश्या मुलांच्या डोक्यावर आहेत."

"कुणाच्या डोक्यावर?" ज्योती म्हणाली. "पोरं पुढून येत्यात, पुढून जात्यात. माश्या मागं, वढ्याकडं. तिथं ना दार ना जिना. दोन वर्सं झाली, एका पोराला डसल्या नाय. हे लिवलं होतं की मी."

"कुठे?"

"पत्रातच. शेवटाला. तुमी कापलं."

पाठक सरांनी माझ्याकडे पाहिलं. खुलासा मागायचा अधिकार आता त्यांना मिळाला होता आणि त्यांनी तो वापरला नाही. हा त्यांचा सभ्यपणा.

बातमीचा कापलेला भाग पुढच्या आठवड्यात वेगळा छापण्याची पद्धत कोणत्याही दैनिकात नाही. वृत्तसंपादकांनी तसं विचारलंच. "उद्या आमदार येतील, माझ्या भाषणाचा कापलेला भाग छापा म्हणून. तेव्हा?" त्यांना सांगितलं, की आमदारांच्या भाषणाचा शेवट कापल्यानं आजवर कोणाचं काही अडलेलं नाही. पुढच्या रविवारी मजकूर आला. 'शाळेवरील मोहोळ: राहिलेली बातमी'. त्या दिवशी बिस्किटाच्या जाहिरातीला जागा आधीच ठेवली होती.

साहेबांच्या घरी तो मोठ्यानं वाचला गेला. सोमवारी त्यांचा फोन आला. आवाजात वैताग होता, पण फोन त्यांनी स्वतः केला होता.

"आमचे चिरंजीव म्हणतात, पप्पा, तुम्ही पाहिलंय का? न पाहता कसं ठरवलं? आता मला सांगा, मी किती शाळा पाहत फिरू?"

"ही एक पाहा."

"तुम्ही येणार का?"

"येतो."

साहेब जीपमधून उतरले तेव्हा सगळी शाळा मैदानात होती. आदल्या रात्रीच्या लग्नातून ते थेट कामाला लागले होते आणि अत्तराचा वास त्यांच्या आधी पोचला. ज्योती पुढे झाली.

"साहेब, अत्तर लावलंय का?"

"का गं?"

"मग तुमी हितंच थांबा. मागं नका जाऊ. वासानं खवळत्यात त्या."

पाठक सरांचा चेहरा उतरला. ज्या माणसाकडून केंद्र परत घ्यायचं, त्याला नववीतली मुलगी फाटकाशी उभं करत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मनगटाचा वास घेतला, आणि नळावर जाऊन हात-तोंड साबणानं धुतलं. जाकीट जीपमध्ये ठेवलं. मग तिच्यामागून, तिनं सांगितलेल्या जागेपर्यंत गेले.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची वेळ झाली. शिपाई घंटेपाशी गेला आणि साहेबांना पाहून थबकला. साहेबही दचकले.

"अरे थांब! घंटेनं उठतील त्या."

"घंटा रोज वाजती साहेब," ज्योती म्हणाली. "तिची सवय हाय त्यांना. तुमची नाय."

मैदानात कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "वाजव."

घंटा वाजली. पोळ्यावरून एक लाट गेली आणि विरली. एकही माशी उठली नाही. साहेबांनी पुन्हा वाजवायला लावली. पुन्हा तेच. मग ते ओढ्याकडच्या उताराकडे बराच वेळ पाहत राहिले. माश्यांचं काम त्यांच्या दृष्टीनं संपलं होतं. आता ते परीक्षेच्या धंद्यातल्या माणसासारखे पाहत होते.

"सर, तुमच्याकडे कॉपी पुरवायला माणसं कुठून येतात?"

"आमच्याकडे नाही येत साहेब."

"सगळीकडे येतात. इथं आली, तर कुठून येतील?"

पाठक सर उत्तर शोधू लागले. अण्णांनी ते देऊन टाकलं. "वढ्यातूनच येत्याल की. पुढं तर फाटक हाय."

दहावीच्या परीक्षेत केंद्राची पुढची बाजू कोणालाच नको असते. भाऊ, मामा, गल्लीतले हितचिंतक, सगळे मागच्या खिडक्यांशी जमतात. त्या खिडक्या राखणं हेच केंद्रप्रमुखाचं अर्धं काम. साहेबांनी छज्ज्याकडे पाहिलं, खालच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"बंदोबस्ताला पोलीस किती मागितलेत?"

"दोन, साहेब. एक पुढे, एक मागे."

"मागचाही पुढेच ठेवा," साहेब म्हणाले आणि जाकीट घ्यायला जीपकडे गेले.

केंद्र परत मिळालं ते असं. अटी नंतर लेखी आल्या: मागच्या खिडक्यांना बारीक जाळी, परीक्षा संपेपर्यंत शाळेजवळ धूर नाही, वरातीचे फटाके नाहीत. गावानं हे पाळलं. दोन वराती नुसत्या ढोलावर निघाल्या. माश्यांना ढोलाची सवय आहे का, याची ज्योतीनं आधी खात्री करून घेतली होती.

परीक्षेच्या काळात नववीतल्या मुलांना केंद्रात जाता येत नव्हतं. ज्योती लांबच्या टेकाडावरून पाहत होती. तिथून आलेली बातमी त्या चौकटीतली मला वाटतं सगळ्यात चांगली: 'गणिताच्या पेपरला एक माणूस ओढ्यातून आला. त्याच्या हातात कागद होते. तोंडात विडी होती. पोळ्यावरून लाट गेली. तो थांबला नाही. दुसरी लाट गेली. मग माश्या उठल्या. माणूस परत ओढ्यात गेला. पाणी कमी होतं म्हणून झोपला. वर्गात एकही माशी गेली नाही.' दुसरा साक्षीदार म्हणून आरडाओरडा ऐकून पुढच्या फाटकावरून मागे धावलेल्या पोलिसाचं नाव होतं. डेस्कवरच्या झाडून सगळ्यांनी एकच मथळा सुचवला, 'भरारी पथक'. तो छापला नाही. बातमी खालूनही कापली नाही. त्या माणसाचं तोंड सुजलं होतं. पण त्यानं शेवटपर्यंत आपलं नाव किंवा भाच्याचा बैठक क्रमांक सांगितला नाही.

पान पुढे बंद झालं. कागद महागला, पत्रं कमी झाली, आणि मुलांनी काय पाहावं हे ठरवणारे दुसरे पुष्कळ निघाले. पर्यावरण विषयाचे तयार प्रकल्प गुलमंडीच्या आसपास चित्रांसकट विकत मिळू लागले. त्यांवर वाघ असायचा. ज्योतीनंही त्या वर्षी प्रकल्प म्हणून मोहोळच दिलं होतं. त्याला तिला बेताचेच गुण मिळाले. चित्र नव्हतं आणि शेवटी संदेश नव्हता. असा शेवट कापायची सवय तिला आम्हीच लावली होती. एखाद्या मुलानं काहीतरी पाहून ते नीट सांगावं, हे शाळेच्या गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता आणि आता तो विचारायला पानही नाही.

निकाल लागल्यानंतर अण्णा दोन्ही मुलींना घेऊन कार्यालयात आले. दगडांचं काहीतरी काम शहरात होतं. पुस्तकंही घ्यायची होती. रेणुका पास झाली होती. गणितात काठावर, बाकी चांगली. बहिणी आता एकमेकींशी बोलत होत्या, म्हणजे उघड भांडत होत्या.

"पुढं काय?" मी विचारलं.

"अकरावी," अण्णा म्हणाले. "तालुक्याला. रोज जाऊन येऊन. एसटीचा पास काढलाय."

"तालुक्याला आपलं कुणी नाही म्हणत होतात."

"तवा ती नववी पास होती सायेब. आता धावी पास हाय. धावी पास पोर घरात बसवली, तर गाव मलाच इचारंल, कामून बसवली म्हणून."

हे त्यांनी असं सांगितलं, की जणू नियम पूर्वीपासूनचाच आहे आणि मला तो माहीत असायला हवा होता. रेणुका टेबलावरचे पेपर चाळत होती. वार्ताहराला शेवटी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. साहेब, सर, अण्णा, पोलीस, ओढ्यात झोपलेला माणूस, सगळ्यांच्या तोंडून मोहोळ ऐकून झालं होतं. त्याच्या सगळ्यात जवळ बसलेल्या मुलीला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"तुझी जागा मागच्या खिडकीपाशी होती ना? माश्या दिसत असतील."

ज्योती पुढे सरकली. उत्तर तिलाही हवं होतं.

रेणुकानं पेपरमधून मान वर केली. "खिडकी होती व्हय तिथं?"